हरकतीची नोटीस

वकिलांच्या ऑफिसात खुर्च्या पुरेनात. स्टेशनसमोरचा आमचा प्लॉट विकायचा म्हणून त्यांनी पेपरात नोटीस दिली होती, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. तिसऱ्याच दिवशी अकरा नातेवाईक हजर!

"मी तुझ्या बाबांची मावसबहीण," माझ्या गालावरून हात फिरवत एक बाई म्हणाल्या. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दादा म्हणजे माझा जीव की प्राण!" डोळे टिपत एक गृहस्थ म्हणाले आणि लगेच प्रॉपर्टी कार्डाची प्रत मागू लागले.

"एवढा मोठा गोतावळा! बोलला नाहीत कधी," वकील म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत होतं? गेल्या महिन्यात बाबांना खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. शेवटी शववाहिकेचा ड्रायव्हर उतरला. तुमची नोटीस तेव्हाच द्यायला हवी होती, साहेब."