कोंबडीचा कौल

मान कापल्यावरही कोंबडी बराच वेळ तडफडत होती. लाल धुळीत पंख आपटत ती पालथी पडली, उसळली, पुन्हा पडली. लामिसी तिच्याकडे बघत नव्हती. मागच्या खेपेला तिनं बघितलं होतं. तेव्हा कोंबडी पालथी मेली होती, आणि पालथी मेली म्हणजे बाई चेटकीण.

"उताणी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

पुजारी वाकला. कोंबडीचे पाय आभाळाकडे होते. "लामिसी निर्दोष आहे," तो म्हणाला.

वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी एकच गलका केला. आंधळ्या तालातानं चाचपडत लामिसीचा दंड धरला. "उताणीच ना गं? नीट बघितलं ना त्यांनी? सुटलीस बाई!" ती हसली आणि मग तोंड फिरवून बसली. तिच्यासाठी कुणी दुसरी कोंबडी घेऊन येणार नव्हतं.

लामिसीच्या दिराचा, इसाहाकूचा, मुलगा वुंपिनी. आई बाळंतपणातच गेलेली, म्हणून तो लामिसीच्याच अंगाखांद्यावर वाढला. एका वर्षी धुळीचे वारे सुटले आणि पोर तापानं फणफणलं. मान लाकडासारखी ताठ झाली. तिच्या मांडीवरच त्यानं डोळे मिटले. त्या मोसमात गावोगाव पोरं तशीच गेली, आणि गावोगाव एकेक विधवा दोषी सापडली. "हिनंच खाल्लं माझ्या पोराला," इसाहाकू म्हणाला. पोराला माती देण्याआधीच लोकांनी तिला हाकलून दिलं. तिची मडकी, चटई, धान्याची टोपली, सगळं अंगणात जाळलं. चेटकिणीच्या वस्तूला हात लावणाऱ्याचं घर बसतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तेव्हापासून ती इथे, तिच्यासारख्याच बायकांच्या या वस्तीत. लोकांच्या शेतातून भुईमूग काढून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा वेचायच्या, त्यावर दिवस काढायचे. शियाच्या झाडाखालच्या बिया गोळा करून दगडावर वाटायच्या, त्याचं लोणी काढायचं. तळहात सोलून निघायचे आणि लोणी मूठभर. मग एका संस्थेनं त्यांच्या गटाला अनुदान दिलं आणि डिझेलवर चालणारी गिरणी आली. गिरणी कुणाच्या तरी नावावर करायची होती. तालाता आंधळी, दुसरी एक स्वतःचं नाव विसरलेली. सगळ्यांनी लामिसीला पुढे केलं. आता लोणी डबे भरभरून तामालेच्या बाजारात जात होतं. ते कुणाच्या हातचं, हे शहरात कुणी विचारत नव्हतं. म्हाताऱ्या दोन वेळा जेवू लागल्या होत्या.

तेवढ्यात इसाहाकू आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात मीठ आणि समेटासाठी देतात ती कोलाची फळं.

"वहिनी, दुःखात माणूस काहीही बोलतो. माझं चुकलं असेल," तो खाली बघत म्हणाला. "पुन्हा कौल लावू. कोंबडी मी आणतो. अंगणात वुंपिनीला पुरलंय, तू ती जागासुद्धा बघितली नाहीस गं."

त्यावर लामिसी इतकी रडली, की बायकांना तिला धरून बसवावं लागलं. ती हो म्हणाली.

आणि आज कोंबडी उताणी मेली होती. संस्थेची एफुआ डोळे पुसत होती. लामिसीला वाटलं, संध्याकाळपर्यंत आपण घरी असू. त्या मातीवर हात ठेवू.

"आण रे ट्रॅक्टर!" इसाहाकूनं हाक दिली.

कडुनिंबाआडून ट्रॅक्टर निघाला. मागे रिकामी ट्रॉली, तीत दोरखंड आणि फळ्या. इसाहाकू सरळ गिरणीपाशी गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"दादा, गिरणी गटाची आहे," एफुआ पुढे झाली.

"नाव कुणाचं?"

"नाव लामिसीताईंचं, पण..."

"झालं तर. वहिनी आता आमच्या घरची. घरच्या विधवेचं जे काही, ते घरातल्या कर्त्याचं. विचार पुजारीबाबांना."

पुजाऱ्यानं मान हलवली. "रीत तशीच आहे. चेटकीण असती तर कुणाचीच नव्हती. आता घराची झाली."

"आणि या बायका, भावजी?" लामिसीनं विचारलं.

"यांचं काय? आधी वाटत नव्हत्या का दगडावर? तू चल. तुझी खोली झाडून ठेवलीय." तो ट्रॅक्टरवाल्याकडे वळला. "मागे घे, अजून मागे. फळी लाव."

बायका ट्रॅक्टरच्या वाटेतून बाजूला सरकल्या. एकीनंही तक्रार केली नाही. सवय होती त्यांना. तालाता तेवढी विचारत राहिली, "काय चाललंय? अगं, कुणी सांगेल का मला, काय चाललंय?"

लामिसी उठली. तिला वुंपिनीची आठवण आली. तापात तो तिला आई म्हणाला होता. पोराबद्दल असले शब्द आपल्या तोंडून निघतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं. इतकी वर्षं उपाशी असतानाही तो आरोप तिनं कबूल केला नव्हता.

"भावजी, गिरणीवरचा हात काढा."

"का?"

"कोंबडी चुकली. तुमच्या पोराला मीच खाल्लं."