मुलाखतीत काय विचारलं

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढलेल्या बाई पीएच.डी.च्या मुलाखतीला आत जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर दोनशे विहिरींच्या पाण्याच्या नोंदी होत्या. कुठल्या विहिरीत शिसं किती, कुठल्या महिन्यात वाढतं, सगळं तोंडपाठ.

अध्यक्षांनी वय विचारलं. अर्जात लिहिलेलं होतं, तरी बाईंनी सांगितलं, सत्तेचाळीस. मग घरी कोण कोण असतं, ते विचारलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत म्हटल्यावर शेजारच्या प्राध्यापकांनी हळहळ केली आणि आता त्यांचं कोण बघणार, असं काळजीनं विचारलं. मिस्टरांची हरकत नाही ना, हेही विचारून झालं. बाईंच्या आधी आत गेलेला बँकेतला अधिकारी चांगला पन्नाशीचा होता. त्याच्या जिद्दीचं कौतुक दाराबाहेर ऐकू आलं होतं.

बाईंनी स्वतःच फाईल उघडली.

"राहू द्या, ते आम्ही वाचू," अध्यक्ष म्हणाले.

तिसऱ्या खुर्चीवरच्या प्राध्यापिका अजून काहीच बोलल्या नव्हत्या. बाईंनी मोठ्या आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"मी लग्नच केलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं कुठे मिळतं हो एकदम?"

सात मिनिटांत बाई बाहेर आल्या. बाकावर पुढच्या नंबरची मुलगी वहीत डोकं खुपसून बसली होती. तिनं घाबरत घाबरत विचारलं, विषयाचं फार खोलात जाऊन विचारतात का?

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. काहीतरी सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण त्यांची नजर मुलीच्या बोटावर गेली. अंगठी नवीकोरी होती.

"लग्न ठरलंय?"

"हो. पुढच्या महिन्यात." मुलगी लाजली.

"आत सांगू नकोस."

मुलीचं हसू तिथंच राहिलं. तिनं बंद दाराकडे पाहिलं, मग अंगठी ओढायला सुरुवात केली. ती निघेना. बाईंनी पर्समधून क्रीमची ट्यूब काढली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटावर चोळू लागल्या.

आतून घंटी वाजली. दोघी जीव खाऊन अंगठी ओढत राहिल्या.