तोंडावरून चादर

दार उघडायच्या आधीच बाहेरची कुजबुज फटीतून आत येत होती. अँब्युलन्सबरोबर आलेल्या सिस्टरने कडीकडे हात नेला आणि थांबली. स्ट्रेचरवरच्या बाईंनी तिची बाही धरली होती.

"माझं तोंड दिसू देऊ नका," बाई म्हणाल्या. "मागे वरच्या वहिनींना असंच नेलं, तर संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. मीही पाहिला. पुन्हा लावून पाहिला."

बाई घरी शिकवण्या घ्यायच्या. इमारतीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. रक्त बरंच गेलं होतं, ओठ पांढरेफटक पडले होते. कशाने गेलं ते त्यांनी सिस्टरच्या कानात सांगितलं होतं. ते तिच्याजवळच राहिलेलं बरं. आपणही विचारू नये.

सिस्टरने दार किलकिलं केलं. जिना माणसांनी भरला होता. लगेच फोन वर झाले. समोरच्या काकूंनी फटीत मान घालून विचारलं, काही घेतलं का तिने? की पडली? की आणखी काही? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं, सगळे मजले हातांवर उतरायचं होतं. कुणीतरी एक बाजू धरा, असं ड्रायव्हरमामांनी मघापासून दोनदा सांगून पाहिलं होतं. धरणार कोण? सगळ्यांचे हात गुंतलेले.

तिने दार लावून घेतलं. सलाइनची पिशवी स्टँडवरून काढून बाईंच्या पाठीखाली सरकवली. अंगाच्या वजनाने ती वाहत राहते. मग ऑक्सिजनचा मास्क उतरवला.

मामा बघत राहिले. "सिस्टर, तोंडावरून चादर घेतली की लोक काय समजतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, मामा. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण कुणी विचारणारच नाही." ती बाईंवर वाकली. "ताई, खाली जाईपर्यंत दम लागेल. सोसायचा. छाती हलू द्यायची नाही."

बाईंनी मान हलवली. सिस्टरने चादर कपाळावरून पलीकडे ओढली.

दार उघडलं आणि जिना गप्प झाला. एकेक फोन खाली गेला, कुणी खिशात टाकला, कुणी पाठीमागे लपवला. न सांगता चौघे पुढे आले आणि त्यांनी स्ट्रेचर उचलून घेतलं, इतक्या हलक्या हाताने की मामांना नुसतं पुढे चालावं लागलं. सिस्टर कडेने चालत होती. चादरीखाली तिची बोटं बाईंच्या मनगटावर होती. नाडी धावत होती, आणि बारीक होत चालली होती.

वळणावळणावर माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. एक बाप म्हणाला, कालच आमच्या कार्ट्याचा कान पिळला होता त्यांनी. आता त्याला कोण वळण लावणार? कुणी म्हणालं, सुटली बिचारी. आणखी कुणी दबक्या आवाजात विचारलं, की नेमकं झालं तरी काय होतं.

"जाऊ दे हो," समोरच्या काकू डोळे टिपत म्हणाल्या. "आता कशाला ते उकरायचं?"

सिस्टरने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

खाली फाटकात बाईंचे वडील उभे होते. गाडी आत यावी म्हणून मामांनीच त्यांना स्कूटर बाजूला घ्यायला पाठवलं होतं. वर चादर ओढताना त्यांचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

म्हाताऱ्याला ऐकू येत नसे. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या, सपाट आवाजात त्याने विचारलं, तोंड का झाकलंय? एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्याने त्याला जे कळायचं ते कळलं, आणि तो तिथेच खाली बसला. त्याने जो टाहो फोडला, तो ऐकून चादरीखालची नाडी एकदा अडखळली.

कानाशी ओरडून सांगायचं, तर अख्ख्या फाटकाला सांगायचं. सिस्टरने त्याचा हात धरला, त्याला उठवलं, आणि तो हात चादरीखाली नेला.

टाहो मध्येच तुटला. म्हातारा सिस्टरकडे बघत राहिला. तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले. मग तो पुन्हा रडायला लागला, आधीपेक्षा जोरात. बायका म्हणाल्या, शेवटचा हात सोडवत नाही हो त्यांच्याने.

म्हातारा हात न सोडता मागोमाग गाडीत चढला आणि दारं लागली. सिस्टरने चादर फेकली, मास्क चढवला, पिशवी मागच्या काचेतून दिसणार नाही अशी टांगली, पिळून पिळून सलाइन आत सोडायला लागली. मामांचा हात सवयीने सायरनकडे गेला आणि मागे आला. कोपरा वळेपर्यंत गाडीला घाई असून चालणार नव्हतं. बाईंचे डोळे मिटत होते, ती गालावर चापट्या मारून ते उघडत होती. मागच्या काचेतून फाटकातली माणसं अजून दिसत होती, हात जोडून उभी.

बाईंनी मास्क जरासा उचलला.

"सिस्टर, बाबांना सांगा... काचेकडे बघून हसू नका."

तिने वळून पाहिलं. म्हातारा लेकीचा हात दोन्ही मुठींत घेऊन, मागे तोंड करून, दात नसलेलं तोंड उघडून हसत होता. सांगून त्याला ऐकू येणार नव्हतं. सिस्टरने एका हाताने पिशवी दाबत दुसऱ्या हाताने त्याचं डोकं ओढलं आणि आपल्या खांद्यात दाबून धरलं.

बाहेरून बघणाऱ्यांना त्याची गदगदणारी पाठ तेवढी दिसत राहिली.