एकही हादरा नाही

कॉलनीतला रस्ता दिसायला काळाभोर आणि सपाट, पण त्यावर गाडी घातली की हाडं खिळखिळी व्हायची. बायकोच्या कमरेला पट्टा आला, तेव्हा कुठे तिथे राहणाऱ्या शूटिंगवाल्याने तक्रारीचं मनावर घेतलं. चालत्या गाडीतून शूटिंग करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान तो स्वतः तरी असं सगळ्यांना सांगायचा.

"अहो, नुसता मोबाइल खिडकीतून धरा आणि चला. कशी आदळते गाडी, ते दिसू दे रस्त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांना," बायको म्हणाली.

"अगं, साहेबांपुढे हलणारा व्हिडिओ ठेवू? नाक कापलं जाईल माझं!"

त्याने टायरमधली हवा कमी केली, कॅमेऱ्याखाली घरातली सगळ्यात मऊ उशी घेतली आणि गाडी मुंगीच्या पावलांनी नेली. तरीही जे हादरे उरले, ते त्याने कॉम्प्युटरवर बसून, तांदळातले खडे निवडावेत तसे, एकेक करून काढून टाकले. शेवटी गाडी चालू होती की उभी, हे त्याचं त्यालाच कळेना. स्वारी खूश!

दुसऱ्या दिवशी अख्खी कॉलनी त्याला पुढे घालून रस्त्यांच्या ऑफिसात गेली. साहेबांनी व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि खुर्चीतून उठून त्याचा हात हातात घेतला.

 

"वा! इतका गुळगुळीत रस्ता तर माझ्या बंगल्यासमोरही नाही. हा व्हिडिओ मला पाठवा, आमचं काम कसं असतं ते वर दाखवतो!"