पेंडीचा गोंद

फळी पुन्हा सुटली. उकळत्या पाण्यातून तिने ती चिमट्याने बाहेर काढली, तर लाकडाचे पापुद्रे भिजल्या वहीच्या पानांसारखे वेगळे झाले. सोयाबीनच्या पेंडीपासून केलेला हा तिचा सतरावा गोंद.

“आता शेवटची संधी,” प्लायवूड कारखान्याचे साहेब म्हणाले. “मग प्रयोगशाळेला कुलूप. नेहमीच्या गोंदाला काय धाड भरलीय?”

काय धाड भरलीय, ते खाली शेडमध्ये खोकत होतं. तिचा नवरा वीस वर्षं टाकीवर तो गोंद कालवत होता. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडच्या विषारी वाफेने डोळे सदा लाल, छाती भात्यासारखी वाजायची.

“बायको रसायनं शिकली आणि पेंड कालवत बसली,” तो हसून म्हणायचा.

अठरावा गोंद त्यानेच कालवला. “बघू माझा हातगुण.”

त्या गोंदाची फळी तिने तीन तास उकळली. सुटली नाही. तिने पटाशी घालून पाहिली. लाकूड फाटलं, पण सांधा हलला नाही. ती तिथेच फरशीवर बसून रडली.

महिन्याभरात एका शेडमध्ये तिचा गोंद सुरू झाला. कामगारांनी मास्क खुंटीला टांगले. डोळे चुरचुरतात, अशी कुणी कुरकुर केली की नवरा म्हणे, “वीस वर्षांचा वास भिंतीत मुरलाय. जाईल हळूहळू.” पेंडीचा गोंद रोज ताजा कालवावा लागतो म्हणून तो सगळ्यांच्या आधी कामावर पोचायचा.

खोकला मात्र वाढतच गेला. एके दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधीच तो टाकीपाशी कोसळलेला सापडला.

“फार उशीर झाला,” डॉक्टर तिला म्हणाले.

दुपारी ती त्याच्या उशाशी बसली. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाली, “अहो, आणखी चार कारखाने आपला गोंद घेताहेत. तुमच्यासारखी गत आता कुणाची होणार नाही.”

त्याने डोळे मिटून घेतले. मग चाचपडत तिचं मनगट धरलं.

“सतरावी फळी सुटली तेव्हा तुझा चेहरा बघवेना गं मला. आता ऐक. उद्यापासून टाकीत तो नेहमीचा गोंद तुलाच मिसळावा लागेल. माणसं यायच्या आत. आणि मास्क लावून जा.”