विजेची पाटी

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात देवमनच्या विजेच्या पाटीभोवती सकाळपासून गर्दी होती. फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

पाटी शाळेतल्या पाटीएवढीच, लाकडी चौकटीची. एका अंगाला पितळी खिळे, त्यांच्या शेजारून गेलेली एक पितळी पट्टी, दर खिळ्याखाली एक गणित. दुसऱ्या अंगाला उत्तरं आणि त्यांच्यावर बॅटरीचे इवलेसे बल्ब. वायर जोडलेली लेखणी ‘सात आठे’च्या खिळ्याला टेकवली की तिकडं छप्पन्न उजळायचे. लोक मान डोलवत आणि विचारत, लिहायचं कुठं? लिहायचं नाही, टेकवायचं, देवमन सांगे. लिहिता येत नाही ती पाटी कसली, म्हणत लोक कांद्यांकडं वळत. पोरांना उत्तर असं आपोआप मिळायला लागलं तर छडीचं काय करायचं, असा एक शैक्षणिक मुद्दा एका गुरुजींनीही काढला होता.

उकंडराव समोरच बसून होते. त्यांना पाटी नको होती, तिच्या पोटातलं हवं होतं. दुरुस्तीला टाकलेल्या त्यांच्या रेडिओतले ट्रान्झिस्टर देवमननं तात्पुरते म्हणून पाटीत बसवले होते. मुक्या रेडिओचं लायसन भरणारा तालुक्यात आपण एकटेच, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बाजार उठेपर्यंत एकानं तरी पाटी मागितली तर ठीक, नाहीतर ट्रान्झिस्टर रेडिओत आणि पाटी चुलीत, असं दोघांचं ठरलं होतं.

उन्हं कलली आणि लेखणीची वायर तुटली. नेहमीसारखी, जोडाशीच. बल्ब विझले.

“आटपलं?” उकंडरावांनी पिशवीतून रेडिओ काढला.

देवमननं पेचकस हातात घेतला.

शेजारची फुटाणेवाली चंपाबाई दिवसभर हे बघत होती. “बंद कायची पडते, देवमनभाऊ? मयली हाये ते. सकायपासून एकदा तरी पुसली का तुमी?” म्हणत तिनं पाटी पुढ्यात ओढली, बोट जिभेला लावलं आणि कुठलीही पाटी पुसतात तशी खसाखसा पुसायला घेतली.

छप्पन्न उजळले. बोट पुढं सरकलं, त्रेसष्ट उजळले. मग बहात्तर.

पेचकस देवमनच्या हातात तसाच राहिला. खिळ्यांशेजारच्या पट्टीतली वीज आजवर वायरीतून लेखणीत यायची. आता ती चंपाबाईच्या ओल्या बोटावरून खिळ्यात चालली होती, आणि तेवढी चिमूटभर वीजही ट्रान्झिस्टरना पुरत होती. ज्या वायरीपायी त्याची झोप उडाली होती, ती वायर मुळी लागतच नव्हती.

“लेखणी पाहिजेच कायले?” तो स्वतःशीच पुटपुटला.

“पाहा, पुसली का चालते,” म्हणून चंपाबाई फुटाण्यांकडं वळली.

उकंडरावांनी मान पुढं केली. “झटका बसते का वं?”

“फुटाण्याएवढाबी नाई.”

उकंडरावांनी रेडिओ परत पिशवीत घातला.

“पुढच्या बजारापरयंत राहू दे,” ते म्हणाले. “बातम्या काई पळून नाई जात.”

आणि कोणी बघत नाही ना, हे दोन्हीकडं पाहून त्यांनी आपलं बोट हळूच जिभेला लावलं.