तुटलेला पट्टा

"हाही जड!" काटासाहेबांनी पांढरा दगड तळहातावर तोलला आणि उतारावरून खाली लेकीला हाक मारली. "अगं, ये लवकर वर. सापडला पट्टा!"

तळावर सगळे त्यांना काटासाहेब म्हणत, कारण दगड नुसता हातात घेऊन ते तो कोणता आहे हे सांगत. या आडबाजूच्या डोंगरात सारा खेळ वजनाचाच होता. ते शोधत होते तो बराइट हा खनिज दगड पांढरा आणि गारगोटीही पांढरी, पण बराइट उचलला की हात खाली जातो. त्याची पूड तेलविहिरी खणताना चिखलात घालतात, चिखलाला भार यावा म्हणून. अलीकडच्या उतारावर त्याचा चांगला पुरुषभर जाडीचा पट्टा मिळाला होता. पण फार पूर्वी डोंगर मध्येच खचला होता आणि पट्टा तिथे तुटला होता. पलीकडच्या उतारावर तो पुन्हा सापडणार, असं काटासाहेब सुरुवातीपासून छातीठोकपणे सांगत आले होते. कंपनीचा मात्र धीर सुटला होता. काही मिळालं तर रस्ता फोडून ड्रिलिंगचं मशीन चढवू, नाहीतर तळ गुंडाळा, असा शेवटचा निरोप आला होता.

आणि आज पलीकडच्या उतारावर ते ज्या दगडाला हात घालत होते, तो जड निघत होता. तसा दिवस उजाडला होता वाईटच. शर्टाचं बटण लागेना म्हणून त्यांनी शिंप्याचा उद्धार केला होता, चहा सांडला तेव्हा कपाचा. आता ते सगळं विसरून त्यांनी वॉकी-टॉकीवर तळाला कळवूनही टाकलं होतं, "मशीन मागवा!" या वयात त्यांना चक्क नाचावंसं वाटत होतं.

लेक धापा टाकत वर आली. तीही भूगर्भशास्त्रज्ञ, बापाच्याच हाताखाली तयार झालेली. तिने दगड उचलला आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, ही गारगोटी आहे."

"तुझा हात अजून कच्चा आहे."

तिने खिशातला चाकू काढून दगडावर जोरात ओढला. बराइटवर ओरखडा उठतो. इथे उठला नाही.

"बोथट असेल चाकू. धार लावून आण," असं म्हणत साहेबांनी उजव्या हाताने आणखी एक दगड उचलला. तो तर आधीच्यापेक्षाही जड होता. लेकीचं दगडाकडे लक्षच नव्हतं, ती त्यांच्या बोटांकडे बघत होती. साहेबांचं डोकं तडकलं.

"विश्वास नाही ना? हे बघ, मी डोळे मिटतो. एक तुझी गारगोटी दे, एक माझा बराइट. चुकलो तर आजच तळ गुंडाळू."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. डाव्या तळहातावर दगड आला.

"हलका. ही तुझी गारगोटी."

तिने तो काढून घेतला. मग उजव्या तळहातावर दगड आला आणि हात खाली गेला. काटासाहेबांना हसू फुटलं.

"आणि हा बराइट! आता बोल."

त्यांनी डोळे उघडले. तिने त्यांचा उजवा हात दगडासकट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि ती रडत होती.

"दगड एकच होता, बाबा."

त्यांना सकाळचं न लागलेलं बटण आठवलं, सांडलेला चहा आठवला. जड दगड नव्हता, त्यांचा हातच जड झाला होता, आणि ते मनापासून घाबरले. त्यांनी डाव्या हाताने वॉकी-टॉकी उचलला.

"इथे काही नाही," ते म्हणाले. "मशीन नको. स्ट्रेचर पाठवा."